दुर्बीण घ्यायची तर आधी खांब पक्का



जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' होण्याचा मान मिळाला. काळोख जपलेलं, तारे बघायचं ठिकाण. तेव्हापासून नागभीडच्या आम्हा बचत गटांत चर्चा आहे : घोडाझरीला पाहुणे येतात, रात्री आपल्या गावांतही काळोख असतो, मग गटाने दुर्बीण का घेऊ नये? जरूर घ्यावी. पण तिच्याआधी खांबाचा हिशोब करावा.

शंभरपट मोठं दाखवणारी दुर्बीण हादराही शंभरपट मोठा दाखवते. खांब थरथरला की शनीची कडी दिसत नाही, आणि पैसे देऊन आलेला पाहुणा परत येत नाही.

वेल्डरकडे जाताना एवढं लक्षात ठेवा.

पाइप रुंद घ्या. पत्र्याची जाडी तीच ठेवून चार इंचीऐवजी आठ इंची पाइप घेतला, तर लोखंड दुप्पट लागतं, पण ताठपणा जवळपास आठपट वाढतो.

उंची कमी ठेवा. दुप्पट उंच खांब तेवढ्याच धक्क्याने आठपट वाकतो. आपल्या आणि लेकरांच्या डोळ्यांना पुरेल एवढीच उंची बस.

खालची प्लेट जाड हवी आणि तिच्यापासून पाइपाला त्रिकोणी आधारपट्ट्या वेल्ड केलेल्या हव्यात. वरची प्लेट लांब बोल्टांवर अधांतरी ठेवू देऊ नका. चांगला खांबही तिथेच डुलतो.

पाया महत्त्वाचा. धानाच्या बांधीतली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घट्ट थर लागेपर्यंत खणून काँक्रीट भरा. भोवतीची फरशी पायाला टेकवू नका, बोटभर फट ठेवा. नाहीतर कुणी चाललं की तारा हलतो. मोठ्या वेधशाळांतही दुर्बिणीचा खांब इमारतीपासून असाच सुटा ठेवतात.

पाइपात कोरडी वाळू भरली तर थरथर लवकर विरते. ओली वाळू नको, आतून गंज चढतो.

आता पैशाचं. वेल्डरची थोडी रक्कम हातात राखा. दुर्बीण बसवून एक तारा धरा, खांबाला हलकी थाप मारा आणि मोजा. एक-दोन सेकंदांत तारा स्थिर झाला, तर उरलेले पैसे द्या. नाही झाला, तर दुरुस्ती करून घ्या.

पेंचजवळच्या गावांनी रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवून घेतले. खांबासोबत आपल्या दिव्यांचाही विषय येत्या ग्रामसभेत मांडू या.