ज्याचें पुस्तक त्याला



"एखादें चांगलें पुस्तक सुचवा," अशी मागणी पुस्तकांशीं थोडाबहुत संबंध असलेल्या प्रत्येक माणसाला वरचेवर ऐकावी लागते. मागणी साधी दिसते. परंतु विचारणाराचें वय, व्यवसाय, सवड आणि आवड ठाऊक नसतां तिला उत्तर देणें म्हणजे रोग्याला न पाहतां औषध देण्यासारखें आहे. म्हणून आजच्या भाषणांत मी उत्तम ग्रंथांची यादी वाचून दाखविणार नाहीं. निरनिराळ्या वाचकांसाठीं निरनिराळीं पुस्तकें कशीं निवडावीं, आणि ती निवड चुकली म्हणजे नुकसान कोणाचें होतें, एवढाच विषय मीं घेतला आहे.

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवूं. कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस निघालें म्हणजे शहाड, आंबिवली आणि टिटवाळा यांनंतर खडवली हें स्टेशन लागतें. गांव भातसा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. सुटीच्या दिवशीं शहरांतील मंडळी नदीच्या ओढीनें येथें येतात. एरवीं येथलीच माणसें पोटाच्या ओढीनें पहांटेच्या गाडीनें ठाण्या-मुंबईकडे जातात. भातशेती करणारीं जुनीं घरें, आसपासचे पाडे, आणि शहरांतून येऊन राहिलेलीं नवीं कुटुंबें अशी संमिश्र वस्ती या बाजूच्या गांवांत आढळते. समजा, अशा ठिकाणीं चार मंडळींनीं एकत्र येऊन ५०० पुस्तकांचें एक लहानसें वाचनालय काढावयाचें ठरविलें. तीं ५०० पुस्तकें कोणतीं असावींत?

ग्रंथसंग्रहाची हौस या जिल्ह्याला नवी नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं स्थापन झालें. कल्याणास आगगाडी येऊन त्या वेळीं अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. ठाण्यास १ जून १८९३ रोजीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. त्याच्या संस्थापकांत अग्रेसर असलेले विनायक लक्ष्मण भावे हे पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथामुळें सर्वतोमुखी झाले. सुशिक्षितांचा ओढा इंग्रजी ग्रंथांकडे असण्याच्या त्या काळांत केवळ मराठी ग्रंथांसाठीं एक स्वतंत्र संस्था काढावी, आणि मराठींत जें जें छापलें गेलें तें तें संग्रहीं आणावें, ही कल्पनाच धाडसाची होती.

येथें संग्रहालय आणि वाचनालय यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. संग्रहालयाला निवडीचा फारसा अधिकार नाहीं, कारण उद्यांचा वाचक काय मागेल हें आज कोणाला सांगतां येत नाहीं. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ सालीं छापला गेला आणि पुढें जवळजवळ विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला, आणि आज मराठी स्त्रीचा इतिहास लिहूं पाहणाराला त्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. ज्या पुस्तकाला आपला वाचक भेटण्यास ९३ वर्षें लागलीं, तें कोणी तरी जपलें म्हणूनच हातीं आलें. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची जी प्रचंड सूची १९४३ सालीं प्रसिद्ध केली, तिचेंही महत्त्व हेंच: तींत ग्रंथाची थोरवी पाहिलेली नाहीं, अस्तित्व पाहिलेलें आहे.

पण आपल्या कल्पनेंतील खडवलीच्या वाचनालयाची गोष्ट निराळी. तेथें कपाट एक आणि पैसा मोजका. निवड केल्यावांचून गत्यंतर नाहीं. मग निवडीचें तत्त्व कोणतें?

तें तत्त्व ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपल्या पंचसूत्रींत सांगून ठेवलें आहे. पांचांपैकीं दोन सूत्रें आपल्या कामाचीं: प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचतांना हीं दोन्ही एकच वाटतात, परंतु तीं दोन कर्तव्यें आहेत. पहिल्या सूत्राप्रमाणें माणसापासून आरंभ करून पुस्तक शोधावयाचें. दुसऱ्याप्रमाणें कपाटांत धूळ खात पडलेल्या पुस्तकापासून आरंभ करून माणूस शोधावयाचा. पहिलें न पाळल्यास वाचक रिकाम्या हातानें परत जातो. दुसरें न पाळल्यास पैसा कपाटांत कुजतो.

रंगनाथनांच्याही आधीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं हा विचार कृतींत आणला होता. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची योजना सुरू केली. तींत फिरत्या पेट्यांची व्यवस्था होती. ज्या खेड्यांत वाचनालय काढण्याची ऐपत नाहीं तेथें पुस्तकांची लांकडी पेटी जावयाची, आणि तिचें काम झालें कीं ती पुढें जाऊन तिच्या जागीं दुसरी यावयाची. त्या पेटींत मोठी सोय अशी कीं पुस्तक न आवडल्याचा दोष गांवाच्या माथीं बसत नसे. येथें न वाचलेलें पुस्तक पुढच्या गांवीं वाचलें जाण्याची आशा असे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें २००९ सालीं सुरू केलेला 'ग्रंथ तुमच्या दारीं' हा उपक्रम याच पेटीचा नवा अवतार होय.

आतां निवड कोठें चुकते तें पाहूं. चुकण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट उपदेशकाची. लोकांनीं काय वाचावें हें चालकांनीं ठरवावयाचें आणि तेवढेंच विकत घ्यावयाचें. हेतु चांगला असतो. पण दिवसभर गोदामांत हमाली करून आलेल्या माणसापुढें तत्त्वज्ञानाचा ग्रंथ ठेवला तर तो ग्रंथ परत करील आणि स्वतःही परत येणार नाहीं. "लोक हलकें वाचतात," अशी तक्रार शिष्ट मंडळी नेहमीं करतात. बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांची गणना कोणी थोर वाङ्मयांत केली नसेल. पण त्यांच्या झुंजारनें आणि काळापहाडनें जीं हजारों माणसें पुस्तकाला लावलीं, त्यांतील कित्येक पुढें दुसऱ्या पुस्तकांकडे वळलीं असतील. वाचनाचा जिना चढावयाचा तर पहिली पायरी जमिनीलगतच असली पाहिजे.

दुसरी वाट अगदीं उलट दिशेची. जें मागितलें जातें तेवढेंच घ्यावयाचें. मग सारें कपाट कथा-कादंबऱ्यांनीं भरतें. ज्यांना मागण्याची सवय आहे त्यांचेंच राज्य होतें, आणि ज्यांना आपल्यासाठीं कांहीं छापलें जातें हेंच ठाऊक नाहीं ते दाराबाहेर राहतात. शाळकरी मूल, फारसें न शिकलेली गृहिणी, शेतकरी, पाड्यावरचा तरुण हे सहसा मागणी नोंदवीत नाहींत. त्यांच्या वतीनें मागणी करणें हें चालकांचें काम आहे.

तिसरी वाट आंकड्यांची. महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळूं लागलें आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. हें उपकारकच झालें. परंतु वर्ग ठरवितांना ग्रंथांची संख्याही पाहिली जात असल्यामुळें, संख्या भरण्यासाठीं स्वस्त पुस्तकें एकगठ्ठा घेण्याचा मोह होतो. घर आवरतांना नकोसे झालेले गठ्ठे देणगी म्हणून स्वीकारण्याचा मोहही त्यांतलाच. अशीं पुस्तकें नोंदवहींत असतात, वाचकांत नसतात.

मग निवड करावी कशी? एखाद्या विषयाला एक पुस्तक, असा हिशेब न करतां एकाच विषयावर दोन निरनिराळ्या वाचकांसाठीं दोन पुस्तकें ठेवावींत, असें मला वाटतें. उदाहरण कल्याणचेंच घेऊं. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं कल्याणास झाला. १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांचें चरित्र काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलें आहे, आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. काय घडलें हें ज्याला हवें त्याला चरित्र द्यावें. तें घडतांना त्या मुलीच्या मनाला काय वाटलें असेल हें ज्याला हवें त्याला कादंबरी द्यावी. दोघेही एकाच कपाटापाशीं येतात, आणि बहुधा एकानें वाचलेलें दुसरा मागून नेतो.

तसेंच आपल्या परिसराचें. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांची वेठबिगार आणि तीविरुद्ध त्यांनीं केलेला उठाव हा त्याचा विषय. जवळच्या गांवांतील तरुणाला हें पुस्तक म्हणजे आपल्या आज्याची हकीकत आहे, आणि शहरांतून नव्यानें राहावयास आलेल्या कुटुंबाला ती शेजाऱ्याची ओळख आहे. एकच पुस्तक, पण वाचक दोन आणि त्यांचीं कारणें दोन.

जिला शाळा लाभली नाहीं त्या गृहिणीच्या हातीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' द्यावींत. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची लेखिकाही शाळेंत गेलेली नव्हती. त्यामुळें तिची भाषा बोलल्यासारखी वाटते. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० चें. स्वयंपाकाच्या पुस्तकाला वाचनालयांत जागा कशाला, असें म्हणणारानें पदार्थ करतांना उघडून ठेवलेलें आणि हळदीचे डाग पडलेलें पुस्तक पाहावें. ज्याचा इतका उपयोग झाला असें दुसरें पुस्तक घरांत क्वचितच असेल. मुलांसाठीं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, विज्ञानाची गोडी लागलेल्यासाठीं जयंत नारळीकर, आणि रान, पक्षी, झाडें यांचें वेड असणारासाठीं मारुति चितमपल्ली हवेतच. संदर्भासाठीं मात्र आतां लहान वाचनालयानें भार घेण्याचें कारण नाहीं. वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे २० खंड आज हातांतील फोनवर विनामूल्य वाचतां येतात. तो वाचेल त्याला कसा उघडावयाचा हें दाखविलें म्हणजे पुरे.

निवडीइतकीच मांडणीही बोलते. सातारा जिल्ह्यांतील भिलार हें स्ट्रॉबेरीसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव ४ मे २०१७ रोजीं 'पुस्तकांचें गांव' झालें. तेथें एक मोठी इमारत न बांधतां गांवकऱ्यांच्या घरांतच पुस्तकें ठेवलीं: एका घरीं बालसाहित्य, दुसऱ्या घरीं संतसाहित्य, तिसऱ्या घरीं कविता. कल्पना इंग्लंडशेजारच्या वेल्समधील हे-ऑन-वाय या गांवाची, पण तिचें रूप आपलें. पाहुणा आपल्या आवडीचें घर शोधीत जातो आणि वाटेंत दुसऱ्याच्या आवडीच्या चार घरांवरून त्याला जावें लागतें. लहान वाचनालयालाही हें साधतां येईल. एका कपाटाचे पांच कप्पे पांच विषयांचे न करतां पांच वाचकांचे करावेत.

आणखी एक गोष्ट पुस्तकांच्या यादींत कधींच येत नाहीं. ती म्हणजे वेळ. पहांटेच्या गाडीनें जाऊन रात्रीं परतणाऱ्या माणसासाठीं दहा ते पांच उघडें असलेलें वाचनालय हें बंद वाचनालयच होय. रात्रीं आठ ते साडेनऊ आणि रविवारीं सकाळीं तें उघडें राहील तर ५०० पुस्तकें ५००० चें काम करतील. त्याशिवाय टेबलावर एक कोरी वही असावी आणि तींत एकच नोंद व्हावी: आज कोणी काय मागितलें आणि आपल्यापाशीं तें नव्हतें. वर्षअखेर खरेदीची यादी करतांना त्या वहीइतका प्रामाणिक सल्लागार दुसरा मिळणार नाहीं. आणि जें पुस्तक तीन वर्षांत एकदांही बाहेर गेलें नाहीं, त्यासाठीं आधीं वाचक शोधावा. न सांपडल्यास तें एखाद्या मोठ्या संग्रहालयाला द्यावें. तेथें त्याची वाट पाहण्याची सोय असते.

जें वाचनालयाला लागू तेंच घरालाही लागू आहे. आपल्या घरांतील पुस्तकांची फळी कोणाच्या आवडीची आहे हें एकदां तपासून पाहावें. बहुतेक ठिकाणीं ती एकट्या कर्त्या माणसाची असते. आजोबांना ठळक टाइपाचें किंवा वाचून ऐकविलें जाणारें पुस्तक लागतें, सुनेला दुपारच्या अर्ध्या तासांत एक प्रकरण संपेल असें हवें असतें, आणि मुलाला चित्रें असलेलें. यंदा पुस्तकांसाठीं जी रक्कम काढाल तिचे घरांत माणसें किती, तितके वांटे करावे, आणि प्रत्येकाला आपला वांटा स्वतःच्या निवडीनें खर्च करूं द्यावा. निवड आपल्याला पसंत पडेलच असें नाहीं. पण स्वतः निवडलेलें पुस्तक माणूस शेवटपर्यंत वाचतो, आणि शेवटपर्यंत वाचणारा माणूस दुसरें पुस्तक मागतो. तें दुसरें पुस्तक त्याच्या हातीं वेळेवर द्यावयाचें, एवढेंच काम आपल्याकडे उरतें.