बासष्ट टक्क्यांची मुलगी

संमेलनाच्या अध्यक्षाने गोड बोलावं असा प्रघात आहे. तो आज माझ्याकडून पाळला जाणार नाही.

घरात लग्न आहे, म्हणून काल इथे पैठणमध्ये एका दुकानात शिरले. सोबत पंधरा वर्षांची भाची. दुकानदाराने मोरपंखी पैठणी तिच्या खांद्यावर टाकली, क्षणभर पाहिलं आणि उचलून घेतली. "ताई, हा रंग गोऱ्या अंगावर खुलतो. हिला दुसरा दाखवतो." भाची काही बोलली नाही. तिने साडीची घडी घालायला मदत केली.

दुकानदारावर मी रागावले, पण आमची कुमार-कादंबरी तरी वेगळं काय बोलते? परीक्षक म्हणून हस्तलिखितं वाचते. जाड मुलगा दिसला की तो दुसऱ्याचा डबा खाणार, धावताना पडणार आणि नायकाचा दोस्त होणार. सावळी मुलगी दिसली की ती वर्गात पहिली येणार आणि मग सगळे तिचा 'स्वीकार' करणार. का हो, सावळीला बासष्ट टक्केच पडले तर तिचं काय करायचं?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नुसता काडीपहिलवान. पण त्याचं अंग भरावं म्हणून गोष्ट थांबत नाही. तो सायकल हाणतो, चोर पकडतो. फेणे मुलगी असता, तर पहिल्याच प्रकरणात मावशी च्यवनप्राश घेऊन आली असती.

संत एकनाथांच्या या गावात हे बोलताना जीभ अडखळते, तरी बोलते. मुका, बहिरा, आंधळा, पांगळा यांना नाथांनी भारुडात स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. सोळाव्या शतकात! पण त्यांचं व्यंग तिथे चुकलेल्या वागण्याचं रूपक आहे. कीर्तनात ते शोभतं. आम्ही मात्र अजून तेच गिरवतोय: शरीर म्हणजे धडा.

त्याहून जुनं याच पैठणचं, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानचं देणं म्हणजे हालाची गाथासप्तशती. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडाला काजळी लागते आणि नवरा हसतो, की आता चेहरा अगदी चंद्रासारखा झाला. डाग पूस, असं तो म्हणत नाही.

अमेरिकेत ज्युडी ब्लूम यांनी १९७४ साली 'ब्लबर' लिहिली. वर्ग एका जाड मुलीला छळतो, आणि गोष्ट सांगते ती छळणाऱ्यांतलीच एक पोर. आम्ही ती गोष्ट बाईंच्या तोंडून सांगितली असती, परिपाठाच्या वेळी, हाताची घडी घालायला लावून.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, पुढचं हस्तलिखित पाठवाल तेव्हा शेवटच्या प्रकरणात कुणाचं वजन उतरवू नका. आईच्या तोंडी 'मनाचं सौंदर्य' घालू नका. त्या मुलीला भूक लागू द्या, कुणी आवडू द्या, गणितात नापास होऊ द्या. नाहीतर टपालखर्च माझा, हस्तलिखित तुमचं परत.