लाव्हारसाची परीक्षा

साखरेचा पाक गरम असतां धांवतो, निवतां निवतां दाटतो. लाव्हारसाचेंही तसेंच आहे. हवाई बेटावर किलाउआ ज्वालामुखीच्या कांठीं १९१२ सालीं वेधशाळा स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञ प्रवाहांत हातोडा बुडवून रस उचलतात व तत्क्षणीं पाण्यांत टाकतात. त्यायोगें स्फटिकांची वाढ थांबून रसाची कांच होते आणि तिच्या घटकांवरून मूळचें उष्णमान कळतें. २०१८ च्या मे महिन्यांत प्रथम आलेला रस जुना, निवालेला, म्हणून मंद होता. नमुन्यांच्या परीक्षेनें अधिक तप्त रस येत असल्याचा इशारा दिला. पुढें तो पातळ प्रवाह समुद्राला मिळाला. ७०० हून अधिक घरें गेलीं, पण प्राणहानि झाली नाहीं. त्या रसाला थोपवितां आलें नाहीं. त्याची चाल मात्र ओळखतां आली.