बाळाला निरोप देताना
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



प्रसूती विभागाच्या अहवालातील सुखरूप बाळंतपणांचे आकडे आपण दरवर्षी समाधानाने ऐकता. त्याच पानावर उपजत मृत आणि जन्मानंतर अल्पावधीत दगावलेल्या बाळांचाही एक रकाना असतो. आज आम्ही त्या रकान्याविषयी बोलू इच्छितो.

काही वर्षांपूर्वी एका ऊसतोड कामगार जोडप्याचे बाळ आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी गेले. बिल माफ झाले, कागदपत्रे पूर्ण झाली आणि आमचे कर्तव्य संपले, असे आम्ही मानले. पुढे कळले, की गाडीचे भाडे परवडत नसल्याने वडिलांनी बाळाला जुन्या साडीत गुंडाळून, पिशवीत घालून एस.टी.ने गावी नेले. शेजारच्या प्रवाशाला संशय येऊ नये म्हणून ते वाटेत रडलेही नाहीत. त्यांनी काही मागितले नाही आणि आम्ही विचारले नाही. ही चूक आमची होती.

आपल्याकडे अनेक समाजांत तान्ह्या बाळाचे दहन न करता त्याला मूठमाती देतात. कापड, वाहन, खड्डा खणणाऱ्याची मजुरी असा हा खर्च असतो. तो फार मोठा नसतो. पण त्याच दिवशी आणि रोख द्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार राबविल्या जाणाऱ्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. मात्र तो निधी उपचारांसाठी आहे. उपचार थांबल्यानंतरच्या वाटेसाठी वेगळी तरतूद हवी.

या संदर्भात इंग्लंडमधील एक व्यवस्था विचारात घेण्याजोगी वाटते. कॅरोलिन हॅरिस यांचा ८ वर्षांचा मुलगा १९८९ साली अपघातात गेला, तेव्हा अंत्यविधीसाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते. पुढे खासदार झाल्यावर त्यांनी हा प्रश्न लावून धरला. जुलै २०१९ पासून तेथे १८ वर्षांखालील मुलांच्या, तसेच गर्भधारणेच्या २४ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळांच्या दफन वा दहनाचे शुल्क शासन देते. पालकांचे उत्पन्न विचारले जात नाही. दफनभूमी वा दहनभूमी चालविणारी संस्था ते शुल्क शासनाकडून परस्पर मागून घेते.

यातून आम्ही एकच गोष्ट उचलली : मदत मागावी लागू नये. आता असा प्रसंग ओढवताच वैद्यकीय समाजसेविका स्वतः कुटुंबाकडे जाते. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. गाडीचे भाडे आम्ही परस्पर भरतो. स्वच्छ पांढरे कापड देतो. विधी कुटुंबाच्या धर्म व रीतीप्रमाणे होतो. आईची इच्छा असेल, तर बाळ तिच्या कुशीत देतो आणि घाई करीत नाही. शक्य तेव्हा तिची खाट इतर बाळंतिणींपासून दूर हलवितो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार उपजत मृत्यूचीही नोंद आवश्यक असते. जिवंत जन्मून गेलेल्या बाळाच्या जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. रुग्णालयात घडलेल्या घटनेची माहिती निबंधकांना कळविणे हे रुग्णालयाचेच काम असल्याने त्यासाठी वडिलांना खेटे घालावे लागत नाहीत.

देणगीदारहो, यंत्रसामग्रीसाठी दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लागते. या निधीची पाटी लागणार नाही आणि लाभार्थींची छायाचित्रेही या अहवालात येणार नाहीत. तरीही आपण हातभार लावाल, असा आमचा विश्वास आहे.

आणि येथे बसलेल्या ज्या माता-पित्यांनी हे दुःख सोसले आहे, त्यांना एवढेच सांगतो : आपले बाळ आमच्या दृष्टीने केवळ रकान्यातील आकडा नव्हते. बाळाला वाचविणे प्रत्येक वेळी आमच्या हाती नसते. सन्मानाने निरोप देणे मात्र नक्कीच असते.