पोटातलं गेलं तेव्हा

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आजचा विषय आपल्याकडे चुलीपाशीसुद्धा हळू आवाजात बोलतात. दिवस गेलेले असतात, घरात दोघा-तिघांनाच ठाऊक असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडतो. शेजारणी येतात, म्हणतात, ‘काही नाही वं, पुन्हा राहील.’ राहीलही. पण हे गेलं त्याचं काय? त्याला नाव नाही, त्याची तेरवी नाही. चौथ्या दिवशी बाई रोवणीला बांदीत उभी!

कायद्यात नोकरदार बाईला गर्भ पडल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. परे लावणाऱ्या बाईला ती कोण देणार? सासूनं द्यावी, जावेनं द्यावी, बचत गटानं द्यावी, असं मला वाटतं.

आणि तिला दोष देणं थांबवा. जड उचललं, पपई खाल्ली, तिन्हीसांजेला बाहेर गेली... काय काय ऐकवतात! पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांची घडणच सुरुवातीपासून बिघडलेली असते. दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर बायांपैकी दहा ते पंधरा जणींवर ही वेळ येते.

माझ्या जावेचं असं झालं ते फाल्गुनात. ती कुणाशी बोलेना. मग मोह गळायला लागला, तशी ती टोपली घेऊन आमच्यासोबत निघाली. मोहाचं फूल पहाटे आपसूक खाली येतं, त्याला कुणी तोडत नाही. तिनं ते किती वेळ बघितलं! एक दिवस वेचता वेचता रडली. आम्ही वेचतच राहिलो. आमच्यातल्या म्हातारीनं तिची टोपली तेवढी भरून दिली. घरी जे जमत नव्हतं, ते त्या झाडाखाली जमलं. (अंधारात एकटीनं जाऊ नका हं. हे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं रान आहे, वाघाचं. उजाडल्यावर चार-पाच जणी मिळून जा.)

कुणी वैनगंगेच्या घाटावर बसते. गोसीखुर्दमुळे थोपलेलं ते पाणी बघत बसलं की डोकं जरा शांत होतं. कुणी धुऱ्यावर आंब्याचं रोप लावते. झाडानं लेकरू परत येत नाही, पण रोज पाणी घालायला एक जागा होते.

मात्र रक्त फार जात असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. आशाताईंना बोलवा, १०८ ला फोन लावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, इंजेक्शन लागू शकतं. आणि आठवडे गेले तरी झोप नाही, जगावंसं वाटत नाही, असं झालं तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

गटाच्या बैठकीला जी दोन-तीनदा आली नाही, तिच्याकडे आज जाऊन या. बोलायला काही सुचलं नाही, तर तिच्यासोबत तांदूळ निवडू लागा.