आवाज येतो, शब्द येत नाही



मागल्या उन्हाळ्यात आपल्याच किनाऱ्यावरच्या एका नव्या सभागृहात आम्ही बोलावयास गेलो होतो. छत सिमेंटचे, भिंती गुळगुळीत, श्रोते तीसएक. दहा मिनिटांत मागल्या रांगेतील एक आजोबा उठून म्हणाले, "आवाज येतो हो, पण शब्द येत नाही!" चालकांनी कर्णा मोठा केला. आजोबांना अधिकच कळेनासे झाले; वर शेजारच्या घरातून निरोप आला, मुलाची परीक्षा आहे, जरा बेताने घ्या.

असे का व्हावे? तोंडातून निघालेला आवाज भिंतीवर, छतावर आपटून पुन्हा पुन्हा परततो. पहिले अक्षर विरण्यापूर्वी दुसरे त्यावर येऊन पडते. ओल्या शाईवर दुसरी ओळ लिहावी तसे. यालाच आपण घुमारा म्हणतो. कर्णा मोठा केला, की शब्दाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहाची हीच तक्रार होती. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या आणि घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजले. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा घटत गेला. आवाज गिळण्याचे त्याचे माप कोणते, ठाऊक आहे? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हिशेब सोपा आहे. खोलीचे घनमीटर ०.१६ ने गुणावे आणि आवाज गिळणाऱ्या चौरस मीटरांनी भागावे. वीस मीटर लांब, बारा रुंद, पाच उंच असे सभागृह घ्या. रिकामे आणि बंद असता त्याचे गुळगुळीत पृष्ठभाग जेमतेम चोवीस चौरस मीटर खिडकीइतकाच आवाज गिळतील. घुमारा आठ सेकंद. तीस चौरस मीटर खिडक्या उघडा, साडेतीन सेकंद. त्यात दोनशे माणसे बसवा, सुमारे सव्वा सेकंद. श्रोता नुसता ऐकत नाही, तो घुमाराही गिळतो. तेव्हा आपण सर्व आलात, हे आमच्यावर दुहेरी उपकार आहेत!

आता रायगडावर चला. राज्याभिषेक जेथे १६७४ साली झाला ती राजसभा २२० फूट लांब. नगारखान्यापाशी हलके बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू येते, हा अनुभव पाहुणे आजही घेतात. एक मीटरवर साधे बोलणे साठ डेसिबेल भरते आणि मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबेल घटते. २२० फुटांवर चोविसाच्या आसपास उरावे. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात थोडी भर घालतो. उरलेला वरचे आकाश गिळते. आकाश म्हणजे केवढी थोरली उघडी खिडकी! मुख्य म्हणजे गडावर शांतता असते. आमच्या सभागृहांत पंखे आणि कुजबूज मिळूनच चाळीस-पन्नास होतात. त्यात ते चोवीस बुडून जातील.

म्हणून नुसता आकडा मोठा असून भागत नाही. मोबाइलवरील ध्वनिमापकाचा अंदाज घ्या. पण आधी श्रोते गप्प असताना मोजा, मग वक्ता बोलताना. दोहोंत पंधरा-वीसांचे अंतर हवे. घुमारा मात्र मापक सांगत नाही. त्यासाठी एक टाळी वाजवून कान द्यावा.

खिडकीतून गेलेला आवाज नाहीसा होत नाही, शेजाऱ्याकडे जातो, हेही विसरू नये. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबेल ही मर्यादा आहे. तेव्हा मागल्या भिंतीला जाड पडदे लावा, खाली जाजम अंथरा, एका थोरल्या कर्ण्याऐवजी लहान लहान कर्णे श्रोत्यांजवळ ठेवा, आणि आवाज उतरवा. आजोबांना शब्द मिळेल, त्या मुलाला अभ्यास.

आपण शांतपणे ऐकलेत, तेव्हा सभागृहाचे निम्मे काम आपणच केलेत.