रान तपासा, मग पेरा



समर्थ रामदासांचं जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं हे तीर्थपुरी. गोदावरी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांच्या आधारानं आमच्याकडे ऊस आला, कारखाना आला आणि उसामागून ॲट्राझीन हे तणनाशकही आलं. खुरपणीला माणूस मिळेना, मिळालं तर मजुरी परवडेना. तेव्हा तणनाशकाला शिव्या घालायला ही परिषद बोलावलेली नाही. तण मेल्यावर रानात जे औषध उरतं, त्याचं काय करायचं, हे विचारायला बोलावली आहे.

ॲट्राझीन फवारलेला मका निघाला, त्या रानात हरभरा पेरला. उगवण झकास. पंधरा-वीस दिवसांत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग भाजल्यागत वाळतात. आपण म्हणतो, मर आली. आणि बुरशीनाशकाची बाटली आणतो. दुकानदाराचं भलं होतं, हरभऱ्याचं होत नाही; कारण दोष रानात उरलेल्या ॲट्राझीनचा असतो.

ॲट्राझीन मातीत निम्मं व्हायला साधारण दोन महिने लागतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते खाणाऱ्या जिवाणूंना ओल लागते. पावसानं ताण दिला की त्यांचं काम थांबतं. त्यात आपली काळी माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा रानात हे औषध आणखी रेंगाळतं. पाण्यात अंश सापडतात म्हणून युरोपीय संघानं 2004 मध्ये ते नाकारलं. आपल्याकडे ते चालू आहे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हे औषध सांडून नासलेल्या मातीतच ते खाणारा स्यूडोमोनास जिवाणू सापडला. 1997 मध्ये साउथ डकोटात औषध सांडलं, तेव्हा त्या जिवाणूचं विकर वापरून तिथली माती बऱ्यापैकी साफ केली गेली. पण ती एका जागेची गोष्ट. आपल्याला एकरांचा हिशेब आहे. आपल्या हातात शेणखत आहे, कारखान्याची कुजवलेली मळी आहे, न जाळलेलं पाचट आहे आणि ज्वारी आहे. होय, ज्वारी! मका आणि ज्वारी ॲट्राझीन स्वतःच पचवतात. शंका असेल त्या रानात एक हंगाम हरभऱ्याऐवजी शाळू घ्या.

शंका फेडायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. रानातल्या चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एका कुंडीत भरा, कधीच फवारा न लागलेल्या बांधाची दुसरीत. दोन्हींत काकडीचं बी टोका आणि तीन आठवडे पानांच्या कडा बघा.

विद्यापीठातून आलेल्या शास्त्रज्ञांकडे यजमान म्हणून एकच मागणं आहे. मराठवाड्याच्या काळ्या रानात कोणत्या तणनाशकानंतर किती महिन्यांनी काय पेरावं, याचा एक पानाचा तक्ता द्या. मराठीत द्या, मोठ्या अक्षरात द्या. आम्ही तो प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर चिकटवू.